हिंगोलीचा हरिसिंग आणि पॅरिसचे ठग

मार्तिन व्हान वोर्केन्स या फ्रेंच विदुषीचा ‘ल व्वायाजर एत्रांग्ले’ हा ग्रंथ १९९५ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. शीर्षकाचा अर्थ ‘गळा आवळलेला प्रवासी’. ठगांचा हिंदुस्थान, वसाहतवाद आणि कल्पनाविश्व अशी तीन पदे उपशीर्षकात आहेत. २००२ साली शिकागो विद्यापीठाने त्याचा इंग्रजी अनुवाद काढला आणि तो आपल्याकडच्या अभ्यासकांच्या हाती पडू लागला. ठगांवर त्यापूर्वी पुष्कळ लिहिले गेले होते. परंतु कचेरीतील जबान्या, तत्कालीन ‘विज्ञान’ आणि कादंबऱ्या ही तीन दालने एकाच लेखिकेने एकामागून एक उघडावीत, आणि एका दालनातील आवाज दुसऱ्यात कसा घुमतो ते ऐकवावे, हे या ग्रंथाचे वेगळेपण. इतिहासकार सहसा कादंबरीला शेवटच्या प्रकरणात, पाहुण्यासारखी बसवतो. येथे ती घरातलीच आहे.

या ग्रंथाने उभा केलेला प्रश्न थोडक्यात असा: ठग म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्याच्या ओळखीत त्याचे स्वतःचे किती, त्याला पकडणाऱ्याचे किती आणि त्याची गोष्ट वाचून शहारणाऱ्याचे किती? हा प्रश्न मराठी वाचकाने घ्यावा आणि हिंगोलीला लावून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू. हिंगोली कशासाठी? कारण ठगांवरील सर्वांत प्रसिद्ध इंग्रजी कादंबरीच्या प्रस्तावनेत हिंगोलीची एक हकीकत आहे, आणि ती त्या कादंबरीहून अधिक बोलकी आहे असे माझे मत आहे.

फिलिप मेडोज टेलर हे नाव मराठवाड्याला अगदीच परके नाही. १८०८ साली लिव्हरपूलला जन्मलेला हा मुलगा १८२४ साली मुंबईत एका व्यापाऱ्याकडे नोकरीसाठी आला. पेढी डबघाईला आलेली निघाली. ओळखीपाळखीने निजामाच्या फौजेत जागा मिळाली, आणि पुढचे जवळजवळ सारे आयुष्य दख्खनमध्ये गेले. १८३९ साली लंडनला तीन खंडांत त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी निघाली. अमीर अली नावाचा ठग एका साहेबापुढे बसून आपल्या खुनांची कहाणी सांगतो, अशी तिची मांडणी. हा अमीर अली खरा होता, १८३२ साली आपली त्याची गाठ पडली, आणि ७१९ खुनांत प्रत्यक्ष हात असल्याचे तो सांगत असे, हे टेलर प्रस्तावनेत नमूद करतो. व्हिक्टोरिया राणीला या पुस्तकाची एवढी उत्सुकता होती की तिने छपाईची मुद्रिते मागवून वाचली, ही आठवणही त्याच्या आत्मचरित्रात आहे.

हिंगोलीची हकीकत याच प्रस्तावनेत येते. ती माझ्या शब्दांत सांगतो. हिंगोलीच्या लष्करी छावणीत हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. छावणीतील अनेकांचे त्याच्याशी देणेघेणे होते; खुद्द टेलरचेही होते. जिल्ह्याचा मुलकी कारभार तेव्हा कॅप्टन रेनॉल्ड्स पाहत असे. हरिसिंगाने त्याच्याकडे अर्ज करून मुंबईहून कापड आणण्यासाठी परवाना घेतला. हिंगोलीजवळच्याच एका गावचा व्यापारी मुंबईहून कापड घेऊन निघाला आहे, हे त्याला आधीच कळलेले होते. वाटेत त्या व्यापाऱ्याचा, त्याच्या माणसांचा आणि बैल हाकणाऱ्यांचा खून झाला. तो माल हरिसिंगाने त्याच परवान्यावर उजळ माथ्याने हिंगोलीत आणला आणि छावणीतच विकला. पुढे पकडला गेल्यावर त्याने स्वतः सांगितले नसते तर हे कोणाला कळलेही नसते, आणि सांगताना ती एक मोठी गंमत असल्यासारखा तो रंगला होता, असे टेलर म्हणतो.

हकीकत येथे संपत नाही. छावणीच्या बाजारातच, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, या टोळीने अनेकांना मारले आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरले. जागा म्हणजे नदीला मिळणाऱ्या एका लहानशा ओढ्याचे कोरडे पात्र. रुंदीने-खोलीने एखाद्या चरापेक्षा मोठे नव्हे. शेजारच्या खेड्याकडे जाणारा रहदारीचा रस्ता अगदी लागून. माफीचे साक्षीदार एकेक जागा दाखवीत गेले, खणताच एकेका खड्ड्यातून अनेक प्रेते निघू लागली, आणि अखेर पाहणाऱ्यांना किळस येऊन त्यांनी पुढचे खणणे सोडून दिले. टेलर तेथे स्वतः हजर होता. नदीचे नाव तो देत नाही. हिंगोलीची नदी कयाधू.

हिंगोलीत ही छावणी आलीच कशी, हे सांगायचे तर फ्रेंचांपासूनच सुरुवात करावी लागते. १७५१ साली ब्युसी सलाबतजंगाला घेऊन औरंगाबादेस आला तेव्हापासून दख्खनच्या गादीला कवायती पलटणींची चटक लागली. त्या पलटणींच्या खर्चापोटी १७५३ साली पूर्व किनाऱ्यावरील चार सरकारे तोडून द्यावी लागली. लष्कर पदरी ठेवायचे आणि त्याच्या पगारासाठी मुलूख गमवायचा, ही पुढच्या शंभर वर्षांची रीत पहिल्यांदा फ्रेंचांनी घालून दिली; इंग्रजांनी ती केवळ पक्की केली. १७५८ साली लालीने ब्युसीला परत बोलावले. पुढे १७८६पासून रेमाँ निजामाच्या नोकरीत होता. हैदराबादकर त्याला ‘मूसा रहीम’ म्हणत. शहरातील मूसारामबागेच्या नावात तो अजून आहे. १७९५ साली खर्ड्याला निजाम आणि मराठे समोरासमोर आले तेव्हा निजामाकडे रेमाँची पलटण होती आणि शिंद्यांच्या फौजेत पेराँ. आपल्या इतिहासात खर्डा म्हणजे मराठ्यांचा अखेरचा मोठा विजय. पण त्या माळावर दोन्ही बाजूंनी फ्रेंच कवायत चालली होती, हे आपण क्वचितच आठवतो.

मार्च १७९८मध्ये रेमाँ वारला. त्याच वर्षी सप्टेंबरात निजामाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला आणि २२ ऑक्टोबरला सुमारे चौदा हजारांच्या त्या फ्रेंच पलटणीला, फारसे रक्त न सांडता, शस्त्रे खाली ठेवावी लागली. हैदराबादेतील फ्रेंच प्रकरण संपले. कवायती फौजेची गरज मात्र संपली नाही. ती आता इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली, निजामाच्या पैशाने उभी राहू लागली. रेसिडेंट हेन्री रसेलच्या नावाने ‘रसेल ब्रिगेड’ निघाली. जानेवारी १८१९मध्ये याच टापूत नोवसाजी नाईक या हटकर सरदाराच्या नोव्हा येथील गढीला या फौजेने वेढा घालून ती घेतली. पुढे ‘हैदराबाद कंटिंजंट’ म्हणून जे लष्कर ओळखले गेले ते हेच, आणि हिंगोली हे त्याच्या ठाण्यांपैकी एक. त्याच्या खर्चाच्या थकबाकीपोटी १८५३ साली वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्गाचा भाग आणि रायचूर दुआब इंग्रजांकडे गेला. १९०३ साली ही फौज हिंदी सैन्यात विलीन झाली.

या साऱ्याची फ्रेंच बाजू मराठी अभ्यासकांसमोर आणण्याचे श्रेय डॉ. व्ही. जी. हातळकर यांचे. फ्रेंच आणि मराठे यांच्या १६६८ ते १८१५ या काळातील संबंधांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ मुंबई विद्यापीठाने १९५८ साली प्रसिद्ध केला. पुढे महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने त्यांनी अनुवादिलेली फ्रेंच कागदपत्रे खंडशः छापली. फारसी, पोर्तुगीज, इंग्रजी साधनांवर मराठी इतिहासलेखनाने जेवढी मेहनत घेतली तेवढी फ्रेंचवर घेतली नाही, आणि जी घेतली ती बव्हंशी या एका माणसाची. त्यांच्या ग्रंथाची काळमर्यादा १८१५ला संपते, आणि ते रास्तच आहे. त्यानंतर फ्रेंचांचा दख्खनशी राजकीय संबंध उरला नाही. उरला तो कल्पनेतला. ज्या मुलखात आपली पलटण उभी राहू शकली नाही त्या मुलखात आपली कादंबरी उभी करायची, असा उद्योग पॅरिसने पुढची पन्नास वर्षे केला. वोर्केन्स यांच्या ग्रंथातील ‘कल्पनाविश्व’ या शब्दाचे मोल हातळकरांचा ग्रंथ शेजारी ठेवला म्हणजे नीट कळते.

आता पुन्हा हरिसिंगाकडे. ती हकीकत सावकाश वाचली तर एक गोष्ट डोळ्यांत भरते: तिच्यात देवी नाही. शकुन नाही, पवित्र कुदळ नाही, गूळ नाही. टेलरच्या कादंबरीत आणि स्लीमनने १८३६ साली छापलेल्या ‘रामसीआना’त या गोष्टींची रेलचेल आहे, हिंगोलीच्या प्रसंगात फक्त माल, बाजार आणि परवाना आहे. मुंबईचे कापड हिंगोलीपर्यंत येते, कारण तेथे छावणी आहे आणि छावणीत रोख पगार मिळतो. मालाची वाहतूक कागदावर चालते, कारण साहेबाचा अंमल कागदावर चालतो. हरिसिंगाने या नव्या व्यवस्थेची जी नस पकडली ती अचूक होती: कागद माल ओळखत नाही, माणूस ओळखत नाही, तो फक्त कागद ओळखतो. परवान्यावर ‘कापड’ लिहिले आहे आणि बैलांवर कापड आहे, मग ते कोणाचे, हे विचारण्याचे नाक्यावरच्या शिपायाला कारण नाही. म्हणजे ज्या राज्ययंत्रणेने ठगीला आदिम, धर्मवेडी, इतिहासापूर्वीची म्हटले, तिच्याच सहीशिक्क्याखाली हा गुन्हा पार पडला. रेनॉल्ड्स पुढे निजामाच्या मुलखातील ठगांच्या बंदोबस्ताचा प्रमुख झाला, ही गोष्ट येथे आठवावी.

आणि ते कापड विकत कोणी घेतले? छावणीतल्यांनी. हरिसिंगाशी आपला व्यवहार होता असे टेलर सांगून जातो, त्या वाक्यात त्याला बहुधा आश्चर्य नोंदवायचे आहे: एवढा सभ्य दिसणारा माणूस! आपल्याला त्यात वेगळेच ऐकू येते. त्या व्यापाऱ्याच्या रक्ताचे कापड छावणीतल्या कोणाच्या तरी अंगावर होते.

या हकीकतीचे मूळ माफीच्या साक्षीदारांच्या तोंडून आलेले आहे हेही विसरून चालत नाही. १८३६च्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच गुन्हा ठरवला. कायद्यापूर्वी असो वा नंतर, कंपनीच्या मुलखात असो वा बाहेर, टोळीतला होता एवढे शाबीत झाले की जन्मठेप आणि सक्तमजुरी. ठग म्हणजे कोण, याची व्याख्या मात्र कायद्यात नव्हती. राधिका सिंघा यांनी १९९८च्या आपल्या ग्रंथात या कायद्याची जी चिकित्सा केली आहे ती साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही वाचावी अशी आहे, कारण तेथे प्रश्न शेवटी कथनाचाच येतो. व्याख्या नाही, प्रत्यक्ष पुरावा नाही. मग उरते ती कबुली. कबुली देणाऱ्याचा जीव त्याच्या सांगण्यावर टांगलेला. जितके जास्त आठवेल, जितकी जास्त नावे आणि खड्डे दाखवता येतील, तितका तो सरकारला अधिक उपयोगी आणि म्हणून अधिक सुरक्षित. अरबी कथांतल्या शहरजादेची ही स्थिती आहे, फरक इतकाच की हिच्या प्रत्येक गोष्टीने दुसऱ्याच कोणाची तरी मान अडकते.

याच हिंगोली जिल्ह्याच्या मातीत वाटमारीची आणखी एक गोष्ट रुजलेली आहे, ती येथे सांगण्याचा मोह आवरत नाही. नर्सीच्या नामदेवांविषयीची ती आख्यायिका: तरुणपणी ते वाटमाऱ्यांच्या संगतीत होते, औंढ्या नागनाथाच्या देवळाशी एक बाई भुकेने रडणाऱ्या पोराला रागावत होती, चौकशी करता कळले की तिचा घोडेस्वार नवरा लुटारूंनी मारला आहे, आणि ते लुटारू म्हणजे आपणच. नामदेव त्या क्षणी बदलले. आख्यायिका ऐतिहासिक मानावी की नाही यावर विद्वानांत वाद आहे, आणि न मानणाऱ्यांचा पक्ष मला बळकट वाटतो. पण कथा म्हणून ती कशी रचली आहे ते पाहावे. तेथे गुन्हेगाराच्या कबुलीपूर्वी मेलेल्याच्या बायकोचे बोलणे येते. तिला भूक आहे, पोर आहे, तक्रार आहे. टेलरच्या प्रस्तावनेत मेलेल्या व्यापाऱ्याला नाव नाही, गावाला नाव नाही, त्याच्या घरी कोणी वाट पाहत होते का याचा शब्द नाही. हरिसिंगाला मात्र नाव आहे, हसूही आहे. कबुलीजबाबाच्या वाङ्मयात मारणारा बोलतो आणि मेलेला मोजला जातो.

हिंदुस्थानातून ही गोष्ट फ्रान्सला पोचली त्या वाटेवरचा एक टप्पा काउंट एदुआर द वॉरन हा होता. त्याचा बाप जॉन वॉरन, आयरिश वंशाचा फ्रेंच उमराव, मद्रासच्या वेधशाळेचा काही काळ प्रमुख. १८२५ साली मद्रासला छापलेला ‘कालसंकलित’ हा आपल्या पंचांगपद्धतीवरचा ग्रंथ त्याचाच. मुलाचा जन्म मद्रासचा. ब्रिटिश सैन्यात काही वर्षे काढून तो फ्रान्सला परतला आणि इंग्रजी अमलाखालील हिंदुस्थानावर त्याने फ्रेंच भाषेत एक सविस्तर ग्रंथ लिहिला. त्यातील ठगांविषयीच्या मजकुराचा आधार युजेन स्यूने आपल्या ‘ल ज्यूइफ एराँ’, म्हणजे ‘भटका ज्यू’, या कादंबरीच्या तळटिपेत उघडपणे घेतला आहे.

ही कादंबरी १८४४-४५मध्ये ‘ल काँस्तित्युसिओनेल’ या दैनिकात रोज थोडी थोडी छापली जात होती आणि तिच्यापायी त्या पत्राचे वर्गणीदार कित्येक पटींनी वाढले. तिचा खरा रोख जेझुइट पाद्र्यांवर. ठग तिच्यात येतात ते एका हिंदी राजपुत्राच्या निमित्ताने, आणि तेही हिंदुस्थानात नव्हे, जावा बेटावर. त्यांच्या म्होरक्याचे नाव फरिंगिया; स्लीमनच्या सर्वांत प्रसिद्ध माफीच्या साक्षीदाराचे नाव स्यूने जसेच्या तसे उचलले. खरा फरिंगिया बुंदेलखंडाकडचा, जातीने ब्राह्मण, १८३०च्या अखेरीस इंग्रजांच्या हाती लागलेला. स्यूचा फरिंगिया पॅरिसपर्यंत जातो.

त्या कादंबरीतले एक दृश्य मला फार महत्त्वाचे वाटते. राजपुत्र जाल्मा झोपलेला असताना एक ठग त्याच्या दंडाच्या आतल्या बाजूला, त्याला जाग येऊ न देता, ठगांची गूढ खूण गोंदतो. पुढे त्या गोंदणावरून जाल्मा ठग ठरतो आणि पकडला जातो. रोमहर्षक प्रसंग म्हणून फ्रेंच वाचकाने तो मिटक्या मारीत वाचला असणार. आपण तो तिसाव्या कायद्याशेजारी ठेवून वाचावा. काय केले हे विचारायचे नाही, कोण आहेस हे विचारायचे, आणि त्याचे उत्तर अंगावर आधीच दुसऱ्याने लिहून ठेवलेले. स्यूला हा कायदा ठाऊक होता असे माझे म्हणणे नाही. पण कायद्यातली भेग कायदेपंडितांच्या आधी कादंबरीत दिसते, असे साहित्यात अनेकदा घडते.

याच सुमाराचा दुसरा लेखक जोझेफ मेरी. मार्सेय शहराचा हा कवी-कादंबरीकार हिंदुस्थानात कधी आला नाही. त्याने १८४३ ते १८४७च्या दरम्यान हिंदुस्थान आणि आफ्रिका यांत घडणारी तीन कादंबऱ्यांची माळ लिहिली आणि शेवटच्या कादंबरीचे नाव ठेवले ‘ला गेर द्यू निझाम’, निजामाचे युद्ध. निजामाच्या मुलखातील ठगांशी इंग्रजांचा संघर्ष हा तिचा विषय. म्हणजे टेलरने ज्या टापूत प्रत्यक्ष खड्डे खणताना पाहिले, त्याच टापूला मेरीने जंगल, वाघ आणि इंग्रज कर्नल यांनी भरून टाकले. हा मेरी काही सामान्य लेखणीबहाद्दर नव्हे. जेरार द नेर्व्हालच्या जोडीने त्याने शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चे फ्रेंच रूपांतर केले आणि ते १८५० साली पॅरिसच्या ओदेऑन नाट्यगृहात झाले, आपल्या देवलांच्या ‘मृच्छकटिका’च्या कितीतरी आधी. एकाच लेखकाच्या हिंदुस्थानात एका हाताला वसंतसेना आणि दुसऱ्या हाताला रुमाल घेतलेला ठग. पॅरिसला हे विसंगत वाटले नाही. प्राचीन हिंदुस्थान काव्याचा आणि वर्तमान हिंदुस्थान गुन्ह्याचा, ही वाटणी तोवर ठरून गेलेली होती.

ज्यूल व्हर्न मराठी वाचकाला भा. रा. भागवतांमुळे घरचा झालेला आहे. त्याच्या ‘ऐंशी दिवसांत जगाची फेरी’ या कादंबरीत (१८७२) फॉगची आगगाडी मालेगावापुढे जाते तेव्हा निवेदक वेरूळचा आणि औरंगाबादचा उल्लेख करतो आणि त्याच दमात सांगतो की ठगांचा राजा फरिंगिया याच मुलखात अंमल गाजवीत होता. बुंदेलखंडाचा फरिंगिया असा शेकडो मैल दक्षिणेला सरकून मराठवाड्यात आला. पुढे १८८०च्या ‘वाफेचे घर’ या कादंबरीचा पडदाच औरंगाबादेत उघडतो: ६ मार्च १८६७ची संध्याकाळ, भिंतीवर जाहीरनामा, नानासाहेब पेशव्यांना जिवंत वा मृत पकडून देणाऱ्यास दोन हजार पौंड. नानासाहेब तेथे सूडाने पेटलेला खलपुरुष आहे आणि वेरूळची लेणी त्याच्या लपण्याची जागा. याच व्हर्नने त्यापूर्वी कॅप्टन नेमोला बुंदेलखंडाचा राजपुत्र करून इंग्रजांविरुद्ध उभे केले होते. इंग्रजांचे साम्राज्य हा फ्रेंच लेखकांच्या दृष्टीने हेवा आणि तिरस्कार यांचा एकत्र विषय होता. त्यामुळे त्या साम्राज्याचा शत्रू कधी नायक होई, कधी राक्षस, आणि कोणता व्हायचा हे कथेच्या सोयीवर ठरे. फ्रान्स स्वतः १८३०पासून अल्जीरिया घेण्यात गुंतला होता, हे या वाचकांच्या ध्यानात कितपत असे, कोण जाणे.

हिंगोली ते पॅरिस या प्रवासात काय गळले आणि काय चिकटले, हे आता स्पष्ट होते. गळला तो परवाना. चिकटली ती भवानी.

स्यू तिचे नाव ‘बोहवानी’ असे लिहितो. युरोपातील वाचकांच्या मनात हे नाव गळफासाशी कायमचे जोडले गेले. तुळजापूरची भवानी ही ज्यांच्या घरची कुलस्वामिनी, ज्यांच्या लग्नानंतर तिच्या नावाने गोंधळ घातला जातो, त्यांनी हे वाचताना काय करावे? चिडून पुस्तक मिटणे सोपे आहे. त्याहून उद्बोधक म्हणजे टेलरचेच पुढचे आयुष्य पाहणे. १८५३च्या तहानंतर नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार त्याच्याकडे आला. तुळजापूर त्याच जिल्ह्यात. काही वर्षे तो त्या देवीच्या परिसरात राहिला, लोकांचे वाद सोडवीत, जमिनी मोजीत हिंडला, आणि १८६३ साली त्याने ‘तारा’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. शिवकालातील या कादंबरीची नायिका तुळजापूरच्या देवळातील शास्त्र्याची मुलगी आहे, आणि भवानी तेथे जिवंत श्रद्धेचा विषय म्हणून येते, खुनाची पाठीराखीण म्हणून नव्हे. चोवीस वर्षांच्या अंतराने त्याच माणसाने त्याच देवीविषयी असे दोन प्रकारे लिहिले. पहिल्या पुस्तकाच्या वेळी तिची ओळख त्याला कैद्यांनी करून दिली होती, दुसऱ्याच्या वेळी यात्रेकरूंनी. लंडन-पॅरिसमध्ये कोणते पुस्तक टिकले हे सांगायला नको.

वोर्केन्स यांच्या ग्रंथात टेलर हा दुभंगलेला माणूस म्हणून उभा राहतो: राज्यकर्त्यांतला आणि तरीही ज्यांच्यावर राज्य करतो त्यांच्याकडे ओढला जाणारा. त्याने लग्न केले ते हैदराबादच्या विल्यम पामर या सावकाराच्या मुलीशी. पामर स्वतः इंग्रज बाप आणि हिंदुस्थानी आई यांचा मुलगा, आणि निजामाच्या फौजेचे पगार भागवण्यासाठी काढलेल्या कर्जांच्या प्रकरणात गाजलेला. टेलरने मुलाखतींतून उभा केलेला अमीर अली धूर्त, देखणा, बोलका आणि काही वेळा करुणही आहे. स्लीमनच्या टिपणांत ठग हा नमुना असतो. सागरला फाशी दिलेल्या सात ठगांच्या कवट्या मस्तकशास्त्राच्या अभ्यासासाठी एडिंबरोला पाठवल्या गेल्या होत्या. त्या काळचे शास्त्र असे डोक्याची उंचवटे मोजून पाप शोधीत असे. टेलर निदान डोके धडावर ठेवून ऐकतो.

ठगी हा सगळा साहेबी बनाव होता का? १९५९ साली हिरालाल गुप्त यांनी स्लीमनच्या मांडणीवर पहिला मोठा आक्षेप घेतला. १९६९ साली स्ट्युअर्ट गॉर्डन यांनी (मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक म्हणून ते आपल्याला परिचित आहेत) माळव्यातील टोळ्यांचा संबंध अठराव्या शतकातील सत्तास्पर्धेशी जोडला. नव्वदीच्या दशकात वसाहतवादी संवादविश्वाच्या चिकित्सेचा जोर वाढला आणि ‘ठग ही निर्मिती आहे’ हे वाक्य चर्चासत्रांत सर्रास ऐकू येऊ लागले. वोर्केन्स तेथवर जात नाहीत. किम वॅगनर यांनी तर २००७ साली ठगी ही स्थानिक जमीनदारांच्या आश्रयाने चालणारी खरीखुरी वाटमारी होती, पंथ मात्र नव्हता, अशी कागदपत्रांच्या आधारे मांडणी केली.

मला स्वतःला हिंगोलीच्या ओढ्यापाशी थांबावेसे वाटते. ‘निर्मिती’ हा शब्द तेथे तोंडातून निघत नाही. प्रेते निघाली होती. एकाच खड्ड्यातून अनेक निघाली होती. ती कोणाची, हे विचारण्यापूर्वीच पाहणाऱ्यांना किळस आली आणि खणणे थांबले. म्हणजे साहेबाने शोध अर्धवट सोडला तो तेथे. दोनशे वर्षांनी आपण ‘हे सारे साहेबाच्या कल्पनेतले’ म्हणून तो शोध पुन्हा सोडून द्यावा, हे मला पटत नाही. वासाहतिक कथनाची चिकित्सा ही मेलेल्यांना पुन्हा पुरण्याचे साधन होता कामा नये. उलट बाजूने, खड्डे खरे म्हणून त्यांच्यावर रचलेली भवानीची, रक्तातल्या गुन्हेगारीची, जन्मजात ठगांची सगळी कथाही खरी मानावी, असेही मुळीच नाही. त्याच कथेच्या पायावर पुढे १८७१चा गुन्हेगार जमातींचा कायदा उभा राहिला, आणि त्याची झळ ठगीशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता अशा जमातींनी स्वातंत्र्यानंतरही, १९५२पर्यंत, सोसली.

वर्गात शिकवताना यावर एक साधा उपाय करता येतो. टेलरच्या प्रस्तावनेतील हिंगोलीचा परिच्छेद आणि स्यूच्या कादंबरीतील गोंदणाचा प्रसंग शेजारीशेजारी ठेवावा आणि विद्यार्थ्यांना दोहोंतील नामे वेगळी काढायला सांगावीत. पहिल्यात परवाना, कापड, मुंबई, व्यापारी, बैल, बाजार, पहारा, ओढा, रस्ता. दुसऱ्यात रात्र, झोप, सुई, दंड, देवी. पहिली यादी वाचली की १८३०च्या आसपासचे हिंगोली डोळ्यांसमोर येते, आणि तेथे कोणाला का मारता आले हेही कळू लागते. दुसरीतून कोणतेही गाव उभे राहत नाही.

टेलर पुढे लेखक म्हणून नावारूपाला आला, सुरपूरच्या बाल राजाचा पालक-कारभारी झाला, वऱ्हाडात अंमलदार होता. अखेरच्या दिवसांत दृष्टी गेलेली असतानाही तो पुन्हा एकदा हिंदुस्थानात येऊन गेला, आणि परतीच्या वाटेवर मे १८७६मध्ये वारला. तेही इंग्लंडला पोचण्यापूर्वी, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, मांताँ या गावी. हिंगोली परगण्यातल्या ज्या व्यापाऱ्याचे कापड लुटले गेले त्याच्या गावाचे नाव त्याने आत्मचरित्र लिहितानाही दिलेले नाही. ‘हिंगोलीपासून फार दूर नसलेले एक गाव’ एवढीच खूण प्रस्तावनेत आहे. मुंबईशी कापडाचा व्यवहार करणारी, स्वतःचे बैल घालणारी पेठ त्या काळी या भागात किती गावांना असेल? वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, पलीकडे वाशीम, परभणी. नावे फार नाहीत, आणि जुन्या पेढ्यांच्या वह्या माळ्यावर ठेवणारी घरे तर त्याहून थोडी.